श्रीपती पेंटरची पाटी

आप्पांनी दारावरून तळहात फिरवला, तीन ठिकाणी बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड न्हाई हे. पण स्क्रू धरंल."

अकराव्या मजल्यावरच्या त्या लांबलचक बोळात आम्ही दोघं उभे होतो. दोन्ही बाजूंना राखाडी दारं, सगळी एकसारखी. कुलपाला किल्ली नाही, आकडे दाबायचे. आमच्या दारावर ११०७ एवढंच लिहिलेलं. आप्पांच्या काखेत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पाटी होती. मिरजेपासून पुण्यापर्यंत ती त्यांनी मांडीवर घेऊन आणली होती, आणि वर बॅग ठेवायला जागा असतानाही ती वर ठेवायला तयार झाले नव्हते.

मी पाटी बघायला मागितली, तर त्यांनी काख आणखी आवळली. त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पाटी आधी दाखवायची नाही. दारावर लावायची, मग कापड काढायचं. "पाटी दारावर वाचायची आसती, हातात न्हाई," असं ते डॉक्टरांनाही ऐकवत. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. चाळीस वर्षं माझ्या वडिलांनी, श्रीपती माळवदे ऊर्फ श्रीपती पेंटर यांनी, अर्ध्या मिरजेची नावं दारांवर चढवली. काळ्यावर पिवळी अक्षरं, डावीकडून लाल छाया. पुढे छापील फ्लेक्स आले आणि आप्पांचे ब्रश वाळत गेले, पण जुन्या गल्ल्यांतून त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे अजूनही दर पाच पावलांना थांबावं लागे. ते स्वतःच्या पाट्यांची विचारपूस करत चालायचे.

आणि त्या चाळीस वर्षांत आमच्या दारावर पाटी कधी लागली नाही. आम्ही कायमचे भाडेकरू. नऊ घरं बदलली. पाटी लागली की भाडेकरू ठाण मांडून बसतो, उद्या घरावर हक्क सांगतो, ही भीती प्रत्येक मालकाच्या मनात पक्की बसलेली. एका मालकाने तर स्वतःची पाटी आप्पांकडून रंगवून घेतली, तीन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवली, आणि आम्ही आमची लावू का म्हणून विचारल्यावर तोंड फिरवलं. आप्पांनी दुसऱ्यांदा कुणाला विचारलं नाही. माझा स्वभाव मात्र तेव्हापासूनच तिरपागडा. मी नववीत होते. मी त्या मालकाशी वर्षभर बोलले नाही, आणि त्याला ते कळलंही नसावं.

आता मी चौतीस वर्षांची होते. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करत होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आप्पा मिरजेत एकटे. माझ्याकडे या म्हटलं की ते एकच ऐकवत, लेकीच्या घरी दोन दिवस जायचं असतं, राहायला नाही. शेवटी मी फोनवर वचन दिलं. म्हटलं, आप्पा, मी आपलं घर घेतेय भाड्याने, आणि त्याच्या दारावर आपली पाटी लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, दार केवढं आहे.

घर शोधताना माझं डोकं फिरायची वेळ आली होती. घरमालक म्हणजे आधी आडनाव विचारणार. मग गाव. मग आडनावावरून नक्की काय ते कळलं नाही तर गावातली गल्ली. लग्न का नाही झालं, मासे करता का, येणारंजाणारं कोण. निगडीच्या एका बाईंनी सगळं विचारून झाल्यावर विचारलं होतं, "वडील असतील हो, पण घरात कर्तं कोण?" मी म्हटलं, मी. त्या हसल्या, आणि घर दिलं नाही. मी जिना उतरताना ठरवलं की पुन्हा कुठल्याही मालकाच्या सोफ्यावर बसून परीक्षा द्यायची नाही.

म्हणून ताथवड्यातली ही कंपनीची इमारत मला देवासारखी वाटली. दोन टोलेजंग बिल्डिंगा, चारशे घरं, आणि सगळ्यांची मालक एकच कंपनी. सगळं फोनवर. ना आडनावाची चौकशी, ना गल्लीची. मी आप्पांना ऐटीत सांगितलं, इथे मालक नावाचा माणूसच नाही, तर पाटीला नको म्हणणार कोण. करारनामा चौतीस पानी होता. कारखान्यात केसाएवढा चरा दिसला तर मी अख्खी खेप परत पाठवते, पण त्या चौतीस पानांवर मी बोटाने सरकवत सरकवत सही करून टाकली.

एकोणिसाव्या पानावर काय होतं ते मला त्या बोळात कळलं. आप्पांनी पिशवीतून स्क्रू काढले तेवढ्यात लिफ्टमधून एक तरुण आला. छातीवर बिल्ला, त्यावर ऋत्विज. तो इमारतीचा मॅनेजर होता, आणि आम्हाला त्याने कॅमेऱ्यात पाहिलं होतं. अतिशय सभ्य मुलगा. त्याने आधी आप्पांना नमस्कार केला आणि मग सांगितलं की दाराला बाहेरून काहीही लावता येणार नाही. पाटी नाही, तोरण नाही, उंबऱ्यावर रांगोळीही नाही. आत हवं ते लावा, त्यासाठी चिकटवायचे हुक कंपनीच देते.

मी भांडायला लागले. मी भाडेकरू आहे, कैदी नाही, असं काहीतरी बोलले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मजले सगळे सारखे दिसले पाहिजेत असा नियम आहे. आणि खरं सांगू? रेसिडेंट बदलत राहतात. आज तुम्ही, उद्या दुसरे. दारावर नाव लावून काय करायचं?"

आप्पांनी त्याच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुमच्या छातीवर कशाला लावलंय, बाळा?"

ऋत्विज ओशाळला. तो बिल्ला कंपनीने दिलाय म्हणाला. आप्पांनी स्क्रू पुन्हा पिशवीत टाकले आणि पाटी घेऊन आत गेले. पलंगाखाली ठेवताना त्यांनी लुगड्याची टोकं नीट खोचली. मी दारातच उभी होते. दिलेला शब्द पहिल्याच दिवशी मोडला याची मला इतकी शरम वाटत होती की मला आत जाववेना.

मी हार मानणारी नव्हते. ॲपवर तक्रार टाकली. दहा मिनिटांत उत्तर आलं की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी फोन केला. तो कुठल्या तरी दुसऱ्याच शहरात लागला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसरीकडे. प्रत्येक जण गोड बोलायचा, आणि नाही मात्र कुणीच स्वतः म्हणायचं नाही, सगळे म्हणायचे की पॉलिसी नाही म्हणते. शेवटी मी तिसरीला म्हटलं, मला मालकांशी बोलायचंय. ती गोंधळली. "मालक असं कुणी नसतं मॅडम," ती म्हणाली. ज्या गोष्टीचा मी आप्पांपुढे तोरा मिरवला होता तीच आता माझ्या तोंडावर आली होती.

खोटं कशाला बोलू, बाकी तिथे काही वाईट नव्हतं. नळ गळला तर तासाभरात माणूस हजर. मी कधी येते, कुणाबरोबर येते, याचं कुणाला देणंघेणं नाही. मी तिथे दहा वर्षं सुखाने राहिले असते. पण तिसऱ्या आठवड्यात आप्पा दूध आणायला गेले आणि येताना लिफ्टमधून एक मजला वर उतरले. तसाच बोळ, तशीच दारं. ते १२०७ च्या दारावर आमचे आकडे दाबत राहिले. आत एकटी मुलगी होती, ती घाबरली. तिने सुरक्षारक्षकांना बोलावलं. दोघं आले. कोण तुम्ही, कुठले, कुणाकडे आलात. आप्पांनी नाव सांगितलं, तर यादीत ते नाव नव्हतं, कारण करार माझ्या नावावर होता. मी कामावरून येईपर्यंत दोन तास ते खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. दुधाची पिशवी हातातच.

मी रक्षकांवर ओरडले, त्या मुलीची माफी मागितली, आप्पांना वर आणलं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप विसळला, पालथा घातला आणि म्हणाले, "कुंदे, मी मिरजंला जातो. तुजं घर चांगलं हाय. पन मला सापडंना."

मी पंधरा दिवस मागून घेतले. पंधरा दिवसांत पाटी लागेल असं घर मिळालं तर राहायचं, नाही तर मीच त्यांना गाडीत बसवून देईन. ते हो म्हणाले, पण त्यांचा विश्वास नव्हता हे मला दिसत होतं. त्यांनी पिशवी भरूनच ठेवली होती.

मग मी पुन्हा त्याच सोफ्यांवर जाऊन बसले ज्यांवर बसायचं नाही असं ठरवलं होतं. या वेळी मालकांनी आडनाव विचारायच्या आत मीच विचारायची, दारावर पाटी लावू द्याल का. लोक अशा नजरेने बघत जणू मी सातबाराच मागितलाय. एक जण म्हणाले अकरा महिन्यांच्या करारात पाटी कसली. एकांनी कागदावर नाव लिहून आतून काचेला चिकटवायची सवलत दिली. तेरा दिवस असेच गेले.

चौदाव्या दिवशी, रविवारी, चिंचवडगावात खळदकरांकडे गेलो. दुपारी चारची वेळ. आप्पा बरोबर आले होते, पण बाहेरच पायरीवर बसतो म्हणत होते, मी हट्टाने आत नेलं. एकमजली घर, खाली मालक, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. रघुनाथ खळदकर पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ. शेजारी त्यांचा मुलगा हेमंत, बँकेतला. खळदकरांनी रीतसर परीक्षा घेतली. आडनाव, गाव, गल्ली, लग्न, सगळं. मी दात आवळून उत्तरं देत होते. माशांचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, करते, आणि मनातून घर सोडून दिलं. ते म्हणाले बांगडा केलात तर वाटीभर खाली पाठवा, आमच्याकडे चांगला होत नाही.

मग मी माझा प्रश्न विचारला.

हेमंतने लगेच मान हलवली. त्याच्या ओळखीच्या वकिलांनी बजावून सांगितलं होतं. करार, पोलिसांकडची नोंद, सगळं ठीक, पण पाटी नाही. तो उर्मट नव्हता, घाबरलेला होता. खळदकरांनी मात्र आप्पांना विचारलं की तुमचं काय म्हणणं. आप्पा म्हणाले, "माझं काय. मी लोकांच्या पाट्या रंगवल्या जल्मभर. मला म्हाईत हाय मालक का भितो ते."

खळदकरांनी चष्मा काढून पुसला. मग बोलायला लागले, आप्पांकडे नाही, मुलाकडे बघत.

एकोणऐंशी साली त्यांच्याकडे टपाल वाटायला आकुर्डीची बीट होती. एका चाळवजा इमारतीत एका माणसाच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. बारा दारं, एकावरही भाडेकरूचं नाव नाही. त्यांनी तीन दिवस फेऱ्या मारल्या, मालकाला विचारलं. असा कुणी इथे राहत नाही, असं मालकाने सांगितलं, कारण तो पोटभाडेकरू होता आणि मालकाला ते मान्य करायचं नव्हतं. चौथ्या दिवशी खळदकरांनी पाकिटावर 'पत्तेदार सापडत नाही' असं लिहून ते परत पाठवलं. ते नोकरीचं बोलावणं होतं. महिन्याने तो माणूस पोस्टात विचारायला आला. तो तिसऱ्या दारामागेच राहत होता.

"माझ्या हातचा शेरा होता तो," खळदकर म्हणाले. "माणूस तिथंच होता आणि मी लिहून दिलं सापडत नाही. माझ्या घरात राहणाऱ्या माणसाला कुणी असं लिहून द्यायचं नाही. पाटी लागेल."

हेमंतने विचारलं, "आणि उद्या त्यांनी घर सोडलंच नाही तर?"

"तर मी वर जाईन आणि भांडेन. ते इथं असतील, मीही इथं असेन. आमचं आम्ही बघून घेऊ."

मला ते ऐकून वाटलं की गेल्या महिनाभरात माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी माणूस बोलतोय. फोनवरचे तीन आवाज, चौतीस पानं आणि पाच तारे यांच्यात मला एकही भांडायला मिळाला नव्हता. मी हेमंतला म्हटलं, मी घर वेळेवर सोडेन, आणि सोडेन त्या दिवशी पाटी आधी उतरवेन. तसं कागदावर लिहून देऊ का विचारलं. खळदकर म्हणाले कागद नको, तोंडाने सांगितलंत तेवढं पुरे. हेमंतने खांदे उडवले, पण आम्ही निघताना तोच जिन्याखालून ड्रिल काढून घेऊन आला.

ताथवडे सोडताना ऋत्विज गाडीपर्यंत आला. त्याने सामान चढवायला हात लावला आणि आप्पांच्या पाया पडला. माझा राग त्याच्यावर कधी नव्हताच.

पुढच्या रविवारी सकाळी पाटी लागली. खळदकर, त्यांच्या पत्नी आणि हेमंत वर आले होते. जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहायला जागा नव्हती. आप्पांनी ड्रिल बाजूला ठेवलं आणि हातानेच स्क्रू पिळले. कुणाची मदत घेतली नाही. लुगडं पाटीवर तसंच होतं. चारही स्क्रू बसले, तेव्हा ते मागे सरले, मला समोर उभं केलं आणि कापड ओढलं.

महिनाभर मी सगळ्यांशी भांडत होते ती आप्पांच्या नावासाठी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाचं नाव एकदा तरी दारावर यावं म्हणून. त्या पाटीवर काय असणार याबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती.

काळ्यावर पिवळी अक्षरं, डावीकडून लाल छाया. एका ओळीत पूर्ण नाव, खाली बारीक अक्षरांत हुद्दा. खळदकरांनी ते पाकिटावरचं नाव वाचावं तसं खणखणीत वाचलं.

"कुंदा श्रीपती माळवदे. क्वालिटी इन्स्पेक्टर."

नावाआधी सौ. नव्हतं आणि कु. पण नव्हतं. आप्पांनी बायकांची नावं आधीही लिहिली होती, पण ती कायम कुणाच्या तरी खाली, धाकट्या अक्षरांत. अख्ख्या पाटीभर एकटीचं नाव असलेली बाई मिरजेत त्यांना कुणी आणून दिली नव्हती. मी ते नाव वाचत होते आणि मला माझा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, त्यानंतरही फारसा नाही. मी रडत होते. खळदकरांच्या पत्नीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

या गोष्टीला आज आठ वर्षं झाली. मी अजून त्याच दोन खोल्यांत आहे, खळदकरांशी पाण्यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं आणि दोन्ही वेळा मिटलं. पण त्या सकाळी पाटीत पहिली खोट त्यांनीच काढली. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, पोस्टमनचाच तो डोळा, आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "पेंटर, सगळं झकास आहे. पण तुम्ही पण इथंच राहणार ना? तुमचं नाव राहिलं की."

आप्पा लुगड्याची घडी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऱ्हाईल कसं," ते म्हणाले. "मधी हाय की."